पाच हजार रात्रींचा नट

दोस्तांनो, जानेवारी महिन्यातली गोष्ट. सकाळची प्रार्थना झाली, हजेरी झाली आणि मी फळ्यावर भागाकाराची उदाहरणं लिहायला लागलो. तिसरं उदाहरण लिहून मागं वळून पाहतो तर काय, निम्मा वर्ग डुलक्या खातोय! एक पठ्ठ्या तर दप्तरावर डोकं ठेवून चक्क घोरत होता. आता कुठल्याही मास्तराला राग येईल की नाही? मलाही आला. मी टेबलावर छडी आपटली. (छडी फक्त आपटायलाच आहे बरं का! तिचा दुसरा उपयोग कायद्यानं बंद झालाय.)

"काय रे, रात्रभर चोऱ्या करायला गेला होता का सगळे?"

"नाटक होतं नं, सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. घोरणारासुद्धा जागा होऊन ओरडला.

खरं सांगायचं तर माझेही डोळे चुरचुरत होते. गावात शंकरपट होता, रात्री नाटक होतं, आणि दोन वाजेपर्यंत मीही तिथंच बसलो होतो. मग कशाचा भागाकार नि कशाचं काय! मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "बरं, तुम्हाला कोणकोणते नट माहीत आहेत, सांगा."

अबब! हिंदीतले सगळे झाले, मराठीतले झाले, आणि आमचा गोंडपिपरी तालुका तेलंगणाला खेटून असल्यामुळे तेलुगू नटांची तर रांगच लागली. त्यांच्या मारामाऱ्यांची प्रात्यक्षिकंही झाली. फक्त एक मुलगा गप्प बसून होता. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, "सर, याचे बाबा नाटकाच्या पार्टीत आहेत. ते पण नटच नं?" वर्ग खो खो हसला. त्या मुलानं मान खाली घातली.

मधल्या सुट्टीत मी शाळेचं दाखल रजिस्टर काढून पाहिलं. वडिलांचा व्यवसाय : मजुरी. मुलाला जवळ बोलावलं. "का रे, बाबा नाटकात काम करतात, मग इथं तसं का नाही लिहिलं?" तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "ते का काम हाये, सर?"

त्याच्या या प्रश्नासाठीच आज मी हा लेख लिहायला बसलोय.

आधी झाडीपट्टी म्हणजे काय ते सांगतो, कारण हा अंक कोकणातही वाचला जातो आणि खानदेशातही. विदर्भाच्या पूर्वेला चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया असे जिल्हे आहेत. इथं जंगल दाट, म्हणजे झाडीच झाडी. म्हणून ही झाडीपट्टी. वैनगंगा नदी या मुलखाच्या मधून वाहते. पीक मुख्यतः धानाचं. बोलीही वेगळी आहे. पुस्तकात 'पाणी' असलं तरी आमच्या तोंडी 'पानी' येतं, आणि 'डोळा' बिचारा 'डोरा' होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा मोठा अभ्यास केला. (शुद्धलेखनात मी या 'पानी'चे गुण कापतो. आणि घरी गेल्यावर स्वतःच 'पानी दे' म्हणतो!)

दिवाळी झाली, धान कापून घरात आलं, की आमच्याकडं मंडई भरायला लागते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे हं! मंडई म्हणजे गावजत्राच. कुठं दंडार, कुठं खडी गंमत. पुढं शंकरपट सुरू होतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा आमचा जुना रिवाज. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, ती २०२१च्या डिसेंबरात काही अटींवर उठली. मधल्या काळात बैल गोठ्यात राहिले, पण नाटकं काही थांबली नाहीत. होळीपर्यंत आणि कुठं कुठं त्याच्याही पुढं, रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पडदा वर जातोच.

या नाटकांची राजधानी म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. देसाईगंज असंही म्हणतात. वडसाच का? तर तिथं रेल्वे आहे! गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावरचं हे स्टेशन. कित्येक वर्षं अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणून हे एकच होतं. त्यामुळे नागपूरकडून येणारी कलावंत मंडळी तिथं उतरायची. हळूहळू तिथंच नाटक मंडळ्यांची कचेऱ्या थाटली गेली. दिवाळीच्या आधी गावोगावचे लोक तिथं जाऊन नाटक ठरवतात. आमच्या गोंडपिपरीहून मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचायला अर्धा दिवस मोडतो. तरी आमची माणसं जातात. लग्नाचा मांडव ठरवायला जावं तशी जातात.

आणि नाटक पाहायला कोण येतं? सगळे! लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे येतात. घरोघरी पाहुणे. कुणाचं लग्न जुळवायचं असेल तर 'या नाटकाला' म्हणून निरोप जातो. शेतात मंडप पडतो. पुढं खुर्च्या, मागं जमीन. खुर्चीचं तिकीट जास्त, जमिनीचं कमी. जमिनीवाले घरून गोधडी, घोंगडं, पोतं असं काय काय घेऊन येतात. रात्री दहाच्या सुमाराला नाटक सुरू होतं ते पहाटे चार-पाचपर्यंत चालतं! मध्ये गाणी, मध्ये नाच, मध्ये चहा. लहान पोरं दुसऱ्या अंकापर्यंत आईच्या मांडीवर लुडकतात आणि विनोदी नट आला की कुणीतरी त्यांना हलवून उठवतं. एखाद्या मोठ्या गावात तर एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन मंडप पडतात. मग काय, या मंडपातला ढोलक त्या मंडपातल्या रडण्यात मिसळतो!

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं सांगतोय, त्यांच्याकडे येऊ. त्यांचं नाव डॉ. परशुराम कोमाजी खुणे. गाव गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. नकाशात शोधा पाहू. वडशाच्या पूर्वेला कुरखेडा सापडेल. गुरनोली मात्र शाळेच्या नकाशात बहुधा सापडायचं नाही.

२०२३ सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी दिल्लीहून पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. त्यात पद्मश्रीसाठी कला विभागात हे नाव होतं. त्या यादीबरोबर सरकारनं जी माहिती दिली ती अशी, की खुणे यांनी झाडीपट्टी रंगभूमीवर ५,००० पेक्षा जास्त प्रयोगांत काम केलं आहे आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका केल्या आहेत. पाच हजार! आठशे! वाचताना हे आकडे कसे पटकन निघून जातात. पण मी पडलो मास्तर. आकडा दिसला की त्याचं उदाहरण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी राहिलेला भागाकार मी मुलांकडून याच आकड्यांवर करून घेतला. तुम्हीही वही घ्या.

हंगाम साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत. समजा, एका नटाला एका हंगामात १०० प्रयोग मिळाले. मग ५,००० प्रयोगांना किती हंगाम लागतील? ५०. म्हणजे पन्नास वर्षं! ज्या मुलानं पंधराव्या वर्षी तोंडाला रंग लावला, तो पासष्टीला पोचेल तेव्हा हा आकडा गाठेल. आता पुढचं. ८०० भूमिका भागिले ५० वर्षं? सोळा. दरवर्षी सोळा नवी माणसं व्हायचं, पन्नास वर्षं. आणखी एक घ्या. एक प्रयोग सहा तासांचा धरला तर ५,००० प्रयोगांचे तास ३०,०००. त्याला २४ नं भागा. १,२५० दिवस! म्हणजे एखादा माणूस न झोपता, न जेवता, न थांबता सव्वातीन वर्षांहून जास्त काळ रंगमंचावरच उभा राहिला तर जेवढं होईल तेवढं. हा आपला शाळेतला हिशेब बरं का, त्यांच्या वहीतला नव्हे. पण त्यावरून डोंगर केवढा होता याचा अंदाज येतो.

जगातल्या दुसऱ्या एका नाट्यनगरीशी ताडून पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे नावाचा भाग आहे. तिथली नाटकं जगात नावाजलेली. तिथल्या नटांना आठवड्याला आठ प्रयोग करावे लागतात, आणि हे काम फार कष्टाचं मानलं जातं. आहेच ते. त्या हिशेबानं वर्षाचे झाले ४१६ प्रयोग. एकही आठवडा न चुकवता त्या नटाला ५,००० करायला बारा वर्षं लागतील. पण गंमत पाहा, ब्रॉडवेचा नट रोज त्याच नाट्यगृहात जातो, तोच रंगमंच, तीच खोली, तोच आरसा. आमचा नट आज एका गावात, उद्या पन्नास-साठ कोसांवरच्या दुसऱ्या गावात. पहाटे पडदा पडला की रंग पुसायचा, गाडीत बसायचं, जंगलाच्या रस्त्यानं जायचं. झोप व्हायची ती गाडीत. रस्त्यात अस्वल भेटतं, वाघही भेटतो. पुढच्या गावी पोचल्यावर एखाद्याच्या पडवीत आंघोळ, जेवण, आणि रात्री पुन्हा उभं राहायचं ते अगदी ताजंतवानं. समोरच्या माणसानं कालचं नाटक पाहिलेलं नसतं ना! त्याच्यासाठी आजचंच पहिलं.

नाटकात काम करणं म्हणजे किती अवघड, हे मला अनुभवानं माहीत आहे. हसू नका, पण मीही एकदा नट झालो होतो! डी.एड.ला असताना गावच्या हौशी मंडळात मला हवालदाराचं काम मिळालं. वाक्यं दोनच. पण माझं लक्ष मंडपात बसलेल्या मामाकडे गेलं आणि दोन्ही वाक्यं डोक्यातून पार उडाली. पडद्याआडून प्रॉम्प्टर हळू आवाजात सांगू लागला. मी त्याच्याकडे कान लावला आणि तो म्हणेल ते खड्या आवाजात म्हणत सुटलो. शेवटी मी छाती काढून गर्जलो, "दंडुका आपटून डावीकडून जातो!" मंडप जो हसला म्हणता! ते वाक्य नव्हतंच, ती सूचना होती. अजून गावाकडे गेलो की एखादं म्हातारं मला विचारतं, "काजी मास्तर, डावीकडून जाता का उजवीकडून?"

मग आठशे भूमिका करणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालत असेल? झाडीपट्टीत तालमीला फार दिवस मिळत नाहीत. नवा हंगाम, नवी नाटकं. प्रॉम्प्टर असतोच, पण त्याच्या जीवावर सहा तास काढता येत नाहीत. खाष्ट सासू, कंजूष सावकार, गावचा पाटील, इमानी नोकर, दारुडा बाप अशी काही माणसं दरवर्षी वेगळ्या नावानं परत येतात. जुना नट त्यांना ओळखून असतो. पण या वर्षीचा सावकार आणि गेल्या वर्षीचा सावकार एकसारखा झाला तर मागच्या जमिनीवरून लगेच आवाज येतो. आमचा प्रेक्षक फार भाबडा असतो, तो रडतो मोकळेपणानं, खलनायकाला शिव्या देतो मोकळेपणानं, पण त्याला फसवता मात्र येत नाही. कारण यातली कितीतरी माणसं स्वतः कधी ना कधी गावच्या नाटकात उभी राहिलेली असतात.

खुणे ओळखले जातात ते मुख्यतः विनोदी नट म्हणून. लोकांनी त्यांना 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' असं नावच देऊन टाकलंय. दादा कोंडके तुम्हाला माहीत असतील, निदान तुमच्या आजोबांना तर नक्कीच माहीत आहेत! मुंबईतल्या नायगावच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस. आधी दुकानात नोकरी केली, मग सेवादलाच्या कलापथकात गेला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यानं त्याला महाराष्ट्रभर नेलं. नंतर सिनेमा. १९६९ साली 'तांबडी माती', १९७१ साली 'सोंगाड्या', आणि मग तर पंचवीस-पंचवीस आठवडे चालणारे सिनेमे एकामागून एक. अशा नऊ सिनेमांमुळे गिनेसच्या पुस्तकात त्यांचं नाव गेलं. १९९८ साली दादा वारले.

दोघांत फरक आहे तो असा. दादांना सिनेमा मिळाला. 'सोंगाड्या' आजही लावता येतो, आजही हसता येतं. खुण्यांच्या पाच हजार रात्री कुठं आहेत? बहुतेक कुठंच नाहीत! कुठल्या फितीवर नाहीत, कुठल्या डब्यात नाहीत. ज्यांनी पाहिल्या त्यांच्या डोक्यात आहेत, आणि त्यातले कितीतरी म्हातारे आता गेलेही. (हल्ली काही नाटकं लोक मोबाइलवर धरून यूट्यूबवर टाकतात. पण थंडी नाही, शेकोटी नाही, भुईमुगाच्या शेंगा नाहीत, म्हणजे निम्मं नाटक गेलंच की!) मला विचाराल तर मला याचं वाईट वाटतं. काही जण म्हणतात की नाटकाचं असंच असतं, ते त्या रात्रीपुरतंच. असेल. तरी एक-दोन रात्री तरी कुणी नीट जपून ठेवायला हव्या होत्या.

विनोदी नटाचं काम आमच्याकडे नुसतं हसवण्याचं नसतं. गावात आल्या आल्या तो चार लोकांत मिसळतो, रस्ता कसा आहे, विहिरीला पाणी आहे का, कुणाची कुणाशी कुरबुर आहे, सगळं हळूच काढून घेतो. रात्री तेच त्याच्या तोंडी येतं! मंडप हसतो, आणि पुढच्या खुर्चीवर बसलेल्या पुढाऱ्यालाही हसावंच लागतं. खुण्यांनी तर अंधश्रद्धा, व्यसन, अस्वच्छता अशा गोष्टींवर हसत हसत बोट ठेवलं. वाट चुकलेल्या, नक्षलवाद्यांच्या मागं गेलेल्या तरुणांना परत आणण्याच्या कामातही त्यांनी हात लावला. गडचिरोलीत राहून हे करणं किती धोक्याचं, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल.

त्यांनी केलेल्या नाटकांत 'एकच प्याला', 'लग्नाची बेडी', 'सिंहाचा छावा', 'स्वर्गावर स्वारी' अशी कितीतरी नावं सांगतात. यातल्या 'एकच प्याला'पाशी मी जरा थांबतो. हे राम गणेश गडकऱ्यांचं नाटक. गडकरी वारले ते आपल्या विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. वय अवघं तेहेतीस. हे नाटक रंगमंचावर आलं तेव्हा ते पाहायला लेखकच नव्हता. एका हुशार, सज्जन वकिलाचं घर दारूपायी कसं धुळीला मिळतं, ती ही गोष्ट. आता हे नाटक गडचिरोली-चंद्रपूरच्या एखाद्या शेतातल्या मंडपात उभं करा. या गडचिरोली जिल्ह्यात बायाबापड्यांनी, गावागावांनी मोठी चळवळ केली आणि १९९३ साली दारूबंदी आणली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५च्या एप्रिलमध्ये आली आणि २०२१ साली उठली. म्हणजे ज्या बाया दिवसा मोर्चाला गेल्या, त्याच रात्री जमिनीवर बसून सिंधूसाठी पदर डोळ्याला लावत असतील. त्यांना ती गोष्ट जुनी वाटली असेल का?

टीव्ही आला तेव्हा पुष्कळांना वाटलं, संपलं आता नाटक. १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण लागलं की गावात एकाच घरी सगळं गाव जमायचं. त्या घराची भिंत टीव्हीवाल्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त जपावी लागायची! पुढं घरोघरी टीव्ही आले, मग डिश आल्या, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. नाटक संपलं नाही. उलट मुंबईच्या सिनेमा-मालिकांतले नट या हंगामात पाहुणे म्हणून इकडे येऊन काम करून जायला लागले. गावातल्या मंडळींना त्यांना पाहायचं असतंच, पण पहाटेपर्यंत बसवून ठेवतो तो आपलाच नट. २०२० सालच्या टाळेबंदीत मात्र मंडप पडले नाहीत. तेव्हा कलावंतांच्या घरच्या चुलींची काय गत झाली असेल, ते लिहायला नको. नंतर पुन्हा मंडप पडू लागले. २०२२ साली तर तृषांत इंगळे यांनी 'झॉलीवूड' नावाचा सिनेमाच काढला, या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवर! आणि त्यात इथल्याच कलावंतांना कामं दिली. सिनेमा आमचं नाटक खाऊन टाकणार म्हणत होते, आणि सिनेमालाच नाटकवाल्यांची गोष्ट सांगावीशी वाटली.

पण त्या मुलाचं म्हणणं अगदीच चूक होतं का? नाही. हे मला कबूल केलं पाहिजे. हंगाम पाच महिन्यांचा, वर्ष बारा महिन्यांचं. मोठ्या नावाच्या नटाची गोष्ट वेगळी. पण म्हाताऱ्याचं, नोकराचं, हवालदाराचं काम करणाऱ्याला रात्रीचे पैसे मिळतात आणि ते हंगामाबरोबर संपतात. मग मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात धानाची रोवणी करायची. म्हणजे रजिस्टरमधली 'मजुरी' खोटी नव्हती. खोटं होतं ते एवढंच, की तिथं एकच शब्द लिहायला जागा होती.

परशुराम खुण्यांना पद्मश्री राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मिळाली. राष्ट्रपती भवनातला तो दरबार, लाल गालिचा, पाहुणे. त्याचा फोटो मी वर्गात दाखवला. मुलांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "सर, तिथं खुर्चीचं तिकीट किती?" मी म्हटलं, तिथं तिकीट नसतं रे, बोलावणं असतं. "मंग जमिनीवर कोन बसते?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या मुलाच्या वडिलांना मी निरोप पाठवला. वाटलं होतं येणार नाहीत. पण एका शनिवारी सकाळी आले. साधा सदरा, खांद्यावर रुमाल, हातात रेक्झिनची पिशवी. डोळ्यांच्या कडांना काजळाची रेघ राहून गेलेली. रात्री कुठंतरी प्रयोग होता, गाडीनं पहाटे सोडलं होतं आणि संध्याकाळी पुन्हा निघायचं होतं. मुलगा बाकावर अंग चोरून बसला.

"काय करून दाखवू, गुरुजी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आवडेल ते."

त्यांनी टेबल बाजूला सारलं. पिशवीतून पांढऱ्या मिशा काढल्या, लावल्या नाहीत, नुसत्या नाकाखाली धरल्या. पाठीत वाकले. आणि दोस्तांनो, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, समोरचा चाळिशीचा माणूस गेला आणि एक ऐंशीचा म्हातारा आला. लेकीनं घरातून काढलेला म्हातारा. तो फारसा बोललाच नाही. फक्त दाराची कडी चाचपत राहिला, ती सापडेना. वर्गातली पोरं हसायला तयार होऊन बसली होती, ती हसायचं विसरली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं खरंच जाऊन वर्गाच्या दाराची कडी काढून दिली.

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मिशा पिशवीत गेल्या, आणि ते सरळ उभे राहिले.

मग जो गलका झाला! मिशा कशाच्या असतात, रडू खरं येतं का, विसरलं तर काय करता, तलवार खरी असते का. तासभर प्रश्न संपेनात. त्यांचा मुलगा एव्हाना बाकावरून उठून त्यांच्या जवळ येऊन उभा होता आणि पिशवी कुणाला उघडू देत नव्हता. "हात नको लावू रे, चिकटते ते," असं सगळ्यांना दरडावत होता.

"आज रात्री कुठं?" मी विचारलं.

त्यांनी वैनगंगेपलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. आष्टीपर्यंत बस, पुढं पार्टीची गाडी.

"आणि आज काय आहात? म्हातारा?"

"नाही जी," ते हसले. "आज सावकार."

साडेअकराची बस फाट्यावर हॉर्न देत होती. पिशवी घेऊन मुलगाच पुढं पळाला.